जुन्या मोटारीचा रेडिओ आणि इंजिनाची खरखर : कारणशोध आणि निवारण

मोटारीत बसवलेला जुना मध्यमलहरी रेडिओ इंजिन बंद असताना स्वच्छ बोलतो आणि इंजिन सुरू होताच त्याच्या आवाजात टिकटिक, खरखर किंवा शिटी मिसळते, हा अनुभव जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या बहुतेकांना आहे. अशा वेळी सामान्यतः दोन मार्ग पत्करले जातात. एक तर रेडिओ काढून नवा बसवला जातो, किंवा बाजारातून दोन-तीन कंडेन्सर आणून जिथे जागा सापडेल तिथे जोडले जातात. दोन्ही मार्गांनी पैसा खर्च होतो. दोष मात्र बहुधा जागीच राहतो. याचे कारण सोपे आहे. आवाज रेडिओतून ऐकू येतो, पण तो रेडिओत जन्माला येत नाही.

प्रस्तुत लेखात हा आवाज कुठे निर्माण होतो, कोणत्या वाटेने रेडिओपर्यंत पोहोचतो आणि तो कुठे अडवावा, याचा क्रमवार विचार करावयाचा आहे. उदाहरणासाठी प्रीमियर पद्मिनी ही गाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे. मुंबईत कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली, १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेच्या चार सिलिंडरच्या इंजिनाची ही गाडी महाराष्ट्रातील वाचकांना काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने चांगलीच परिचित आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे निवृत्त झाली. आता ज्या पद्मिनी उरल्या आहेत त्या मुख्यतः हौसेने जपलेल्या आहेत, आणि त्यांची नस ओळखणारे मेस्त्री दिवसेंदिवस कमी होत आहेत. म्हणूनच ही विद्या लिहून ठेवणे अगत्याचे वाटते. ती समजण्यास दहावीपर्यंतच्या विज्ञानापेक्षा अधिक काही लागत नाही.

१. ठिणगी आणि रेडिओ यांचे नाते

प्रथम एक लहानसा प्रयोग करावा. घरातील ट्रान्झिस्टर मध्यमलहरींवर लावून काटा दोन केंद्रांच्या मध्ये, जिथे काहीच ऐकू येत नाही अशा जागी ठेवावा. मग स्वयंपाकघरातील ठिणगीचा गॅस लायटर ट्रान्झिस्टरजवळ धरून दाबावा. प्रत्येक दाबाबरोबर रेडिओतून 'टक्' असा आवाज येईल. लायटर आणि रेडिओ यांना जोडणारी कोणतीही तार नाही. तरीही ठिणगी रेडिओला 'ऐकू' आली, कारण विद्युत ठिणगी पडताना विद्युतधारा अत्यंत अल्पकाळात वाढते व कमी होते, आणि असा झटपट बदल आजूबाजूला विद्युतचुंबकीय तरंग पसरवतो.

हेच तत्त्व रेडिओविज्ञानाच्या मुळाशी आहे. हाइनरिक हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात विद्युतचुंबकीय तरंगांचे अस्तित्व सिद्ध केले ते ठिणगीच्याच साहाय्याने. त्यानंतरच्या दशकात जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात या तरंगांच्या योगे, तारेवाचून, दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखवली. प्रारंभीचे बिनतारी संदेशही ठिणगीनेच पाठवले जात. पुढे ती पद्धत मागे पडली, कारण ठिणगीचे तरंग एका वारंवारितेवर न थांबता विस्तृत पट्ट्यात पसरतात आणि इतरांच्या संदेशांत अडथळा आणतात. पेट्रोलवर चालणाऱ्या प्रत्येक जुन्या मोटारीत असे एक ठिणगी-यंत्र बॉनेटखाली अखंड चालू असते.

त्याचे कार्य थोडक्यात असे. बॅटरीचे १२ व्होल्ट इग्निशन कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यातून वाहतात. डिस्ट्रिब्युटरमधील सी.बी. पॉइंट उघडताच ही धारा एकाएकी तुटते. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने कॉइलच्या दुसऱ्या, अनेक फेऱ्यांच्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचे विभवांतर निर्माण होते. रोटरच्या मार्गाने ते ज्या त्या प्लगला पोहोचते आणि प्लगच्या टोकाशी असलेल्या अंतरातून ठिणगी उडते. चार सिलिंडरच्या चार-आघाती इंजिनात दर दोन फेऱ्यांत चार, म्हणजे एका फेरीत दोन ठिणग्या पडतात. इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांनी मंद चालत असेल तर सेकंदाला ३०, आणि ३००० फेऱ्यांनी धावत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या झाल्या. प्लगपर्यंत जाणाऱ्या लांब तारा या ठिणग्यांच्या दृष्टीने अँटेनाच ठरतात.

मध्यमलहरी प्रक्षेपणात आवाजाची माहिती तरंगाच्या आयामात, म्हणजे त्याच्या कमी-अधिक उंचीत साठवलेली असते. रेडिओ त्या उंचीतील बदलाचे ध्वनीत रूपांतर करतो. ठिणगीचा धक्का हासुद्धा आयामातील बदलच असल्यामुळे निवेदकाचा आवाज कोणता आणि ठिणगी कोणती, हा भेद रेडिओला करता येत नाही. एफ.एम. पद्धतीत माहिती वारंवारितेत असते व आयामातील चढउतार छाटून टाकता येतात, त्यामुळे एफ.एम. संचात ही खरखर पुष्कळ कमी भासते. मात्र गाडीतील ठिणगीचा उपद्रव त्याने थांबत नाही, केवळ आपल्याला ऐकू येईनासा होतो.

२. आवाजाची ओळख

वैद्य नाडी पाहतो त्याप्रमाणे येथे कान हे पहिले साधन आहे. गाडी मोकळ्या जागी, विजेच्या तारांपासून दूर उभी करावी. प्रथम इंजिन बंद ठेवून रेडिओ ऐकावा. तेव्हाही खरखर असेल तर तिचा उगम गाडीत नाही, किंवा रेडिओतच दोष आहे. मग इंजिन सुरू करून वेग हळूहळू वाढवावा आणि पुढील भेद लक्षात घ्यावेत.

टिकटिक किंवा तडतड, जी इंजिनाच्या वेगाबरोबर जलद होते, ती इग्निशनची होय.

बारीक शिटी किंवा सुस्कारा, ज्याची पट्टी वेगाबरोबर चढते, ती डायनॅमो किंवा अल्टरनेटरची. तिची पट्टी उंच का असते हे गणिताने समजते. बारा ध्रुवांचा त्रिकला अल्टरनेटर एका फेरीत ३६ स्पंद देतो. तो इंजिनाच्या दुप्पट वेगाने फिरत असल्यास, मिनिटाला ९०० फेऱ्यांवर अल्टरनेटर सेकंदाला ३० फेऱ्या घेईल आणि १०८० स्पंद निर्माण होतील. इग्निशनच्या ३० टिचक्यांच्या तुलनेत ही स्पष्ट शिटी असते.

अनियमित खरखर, जी हेडलाइट लावताच बदलते, ती बहुधा चार्जिंगच्या रेग्युलेटरची, म्हणजे मेस्त्रींच्या भाषेत कटआउटची. जुन्या कटआउटमध्ये कंप पावणारे स्पर्शबिंदू असतात व त्यांच्यातही लहान ठिणग्या पडतात.

वायपर, हॉर्न किंवा दिशादर्शक दिवा चालू केल्यावरच येणारा आवाज त्या त्या उपकरणाचा, हे सांगावयास नको.

टिकटिक आणि शिटी एकत्र मिसळली असेल तर एक जुनी कसोटी उपयोगी पडते. उभ्या गाडीत रेडिओ थेट बॅटरीवर चालू ठेवून इंजिन मध्यम वेगाने चालवावे आणि किल्ली बंद करावी. आवाज तत्क्षणी थांबला तर तो इग्निशनचा. इंजिन मंदावत जाताना आवाजही खाली उतरत गेला तर तो डायनॅमोचा. कारण किल्ली बंद होताच ठिणगी थांबते, पण डायनॅमो इंजिन पूर्ण थांबेपर्यंत फिरतच असतो.

३. आवाज कोणत्या वाटेने आत येतो?

उगम कळला तरी काम अर्धेच झाले. त्याच उगमाचा आवाज रेडिओत दोन प्रमुख वाटांनी शिरू शकतो : हवेतून अँटेनाद्वारे, किंवा विद्युतपुरवठ्याच्या तारेतून. वाट ओळखल्याशिवाय उपाय योजणे म्हणजे पुढच्या दाराने चोर येत असता मागच्या दाराला कुलूप लावणे होय.

कसोटी अशी : इंजिन चालू ठेवून रेडिओच्या मागील अँटेनाची पिन उपसावी. केंद्र अर्थातच ऐकू येणार नाही. पण त्याबरोबर टिकटिकही नाहीशी झाली तर ती अँटेनाच्या वाटेने येत होती. पिन काढूनही ती तशीच राहिली तर वाट पुरवठ्याच्या तारेची आहे. दुसऱ्या शक्यतेची खात्री करून घेण्यासाठी रेडिओला गाडीच्या तारेऐवजी वेगळ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून पुरवठा द्यावा. आवाज थांबला तर निदान पक्के झाले.

मध्यमलहरी ट्रान्झिस्टर शोधक म्हणूनही वापरता येतो. केंद्र नसलेल्या जागी काटा ठेवून तो बॉनेटजवळ, पंख्यापासून सुरक्षित अंतरावर फिरवावा. ज्या तारेजवळ किंवा ज्या फटीजवळ तडतड वाढते, तिथून उपद्रव अधिक बाहेर पडत आहे असे समजावे.

४. उपाय : स्वस्तापासून महागाकडे

पुढील क्रम मुद्दाम असा ठेवला आहे की, प्रथम काहीही विकत न आणता करावयाच्या गोष्टी संपाव्यात.

(अ) अर्थिंग. पन्नास वर्षे जुन्या गाडीत सर्वांत जास्त दोष येथे सापडतो. बॅटरीपासून बॉडीला, बॉडीपासून इंजिनाला आणि रेडिओच्या पेटीपासून बॉडीला जाणारे प्रत्येक जोड उघडून, गंज व रंग काचकागदाने घासून, धातू चकचकीत करून पुन्हा घट्ट बसवावेत. रेडिओ चालू असताना त्याची पेटी आणि बॅटरीचे अर्थचे टोक यांच्यामध्ये मल्टिमीटर लावल्यास एक दशांश व्होल्टपेक्षा कमी आकडा दिसला पाहिजे. बॉनेटकडेही लक्ष द्यावे. धातूचे बॉनेट ठिणगीचे तरंग आत कोंडून ठेवू शकते; पण त्याच्या बिजागऱ्या गंजल्या व ग्रीसने माखल्या असतील तर बॉनेटचा बॉडीशी विद्युतसंपर्क राहत नाही. तांब्याची विणलेली पट्टी एका टोकाने बॉनेटला व दुसऱ्या टोकाने बॉडीला जोडल्यास हा दोष जातो.

(आ) अँटेना. अँटेनाची केबल दुहेरी असते. मध्ये संदेश आणणारी तार आणि भोवती जाळीचे कवच. हे कवच अँटेनाच्या बुडाशी बॉडीला नीट टेकले नसेल तर कवचच उपद्रव गोळा करू लागते. मल्टिमीटरने दोन गोष्टी तपासाव्यात : बुडाशी कवच व बॉडी यांच्यातील रोध जवळजवळ शून्य असावा, मधली तार व कवच यांच्यात मुळीच संपर्क नसावा. बुडाखालचा रंग खरवडून नट आवळणे एवढ्यानेच अनेकदा निम्मी टिकटिक जाते. जुन्या रेडिओंवर अँटेनाच्या भोकाशेजारी एक लहान स्क्रू असतो. सुमारे १४०० किलोहर्ट्झवरील एखादे क्षीण केंद्र लावून, हा स्क्रू हलकेच फिरवून आवाज सर्वाधिक होईल तिथे ठेवावा. त्याने उपद्रव घटत नाही. पण केंद्राचा संदेश बळकट झाल्यामुळे तुलनेने तो मागे पडतो.

(इ) इग्निशन. प्लग स्वच्छ करून फिलर गेजने अंतर तपासावे, डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला तडा नाही हे पाहावे, प्लगवायर टोकांशी सैल नाहीत याची खात्री करावी. सैल जोडात आणखी एक अनावश्यक ठिणगी उडत असते. यानंतरही टिकटिक राहिली तर रोधयुक्त प्लगवायर, रोधयुक्त कॅप किंवा रोधयुक्त प्लग यांपैकी एक पर्याय निवडावा. साधारण ५ ते १५ हजार ओहमचा हा रोध ठिणगीच्या वेळी तारेत उठणारी जलद आंदोलने शमवतो. एवढा रोध घातल्याने ठिणगी दुबळी होणार नाही का, ही शंका स्वाभाविक आहे. ठिणगीची धारा काही दशक मिलिअँपिअर इतकीच असते. ५० मिलिअँपिअर धरली तर १० हजार ओहममध्ये खर्ची पडणारे विभवांतर ५०० व्होल्ट होते. कॉइलजवळ त्याच्या अनेक पटींनी सामर्थ्य शिल्लक असते. मात्र तिन्ही पर्याय एकदम वापरून रोधाची बेरीज वाढवत नेऊ नये.

कॉइलवर कंडेन्सर लावावयाचा असेल तर त्याची जागा नेमकी कळली पाहिजे. ज्या टोकाला किल्लीकडून तार येते (काही कॉइलवर तिथे 'एसडब्ल्यू' अशी खूण असते), त्या टोकापासून कॉइलच्या पट्ट्याखालील अर्थपर्यंत अर्धा ते एक मायक्रोफॅराडचा कंडेन्सर लावावा. डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या दुसऱ्या टोकाला तो कदापि लावू नये. तिथे पॉइंटसाठी मुळातच एक ठरावीक मापाचा कंडेन्सर असतो. त्यात भर पडली की ठिणगी बिघडते व पॉइंट लवकर झिजतात. अनेक गाड्यांत रेडिओसाठी केलेली दुरुस्ती इंजिनाला बाधते ती याच चुकीमुळे.

(ई) डायनॅमो व अल्टरनेटर. डायनॅमोच्या जाड तारेच्या टोकापासून त्याच्या अंगापर्यंत अर्धा ते एक मायक्रोफॅराडचा कंडेन्सर लावावा. फील्डच्या बारीक तारेच्या टोकाला तो लावू नये. त्याने कटआउटचे स्पर्शबिंदू जळतात. त्यापूर्वी ब्रश झिजले आहेत काय, कम्युटेटर काळा पडला आहे काय, हे अवश्य पाहावे. अल्टरनेटरची शिटी एकाएकी वाढली असेल तर त्यातील एखादा डायोड गेलेला असू शकतो. तिथे कंडेन्सर हा उपाय नसून लक्षण झाकणे आहे.

(उ) पुरवठ्याची तार. वाट पुरवठ्याची असल्याचे सिद्ध झाले असेल तर रेडिओची तार इग्निशनच्या तारांपासून वेगळी, थेट बॅटरीकडून, योग्य फ्यूजसह आणावी. तरीही आवाज राहिल्यास रेडिओजवळ त्या तारेत चोक व तारेपासून अर्थला कंडेन्सर अशी गाळणी बसवावी. चोक जलद बदलणाऱ्या धारेला अडवतो आणि कंडेन्सर उरलेल्या चढउताराला अर्थची वाट दाखवतो. येथे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वापरल्यास त्याचे धन-ऋण काटेकोरपणे पाळावे. पुष्कळ जुन्या ब्रिटिश गाड्यांत, उदाहरणार्थ मॉरिस मायनरमध्ये, बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. अशा गाडीत नेहमीच्या सवयीने कंडेन्सर लावला तर तो फुटू शकतो.

(ऊ) चाके. क्वचित असे घडते की, इंजिनाचा वेग बदलला तरी खरखर बदलत नाही. ती गाडी कोरड्या रस्त्यावर वेगात असतानाच येते आणि ब्रेक हलकेच दाबताच थांबते. ही चाकांवर साठलेल्या स्थिर विद्युतभाराची खूण होय. बेअरिंगमधील ग्रीस चाक व बॉडी यांचा संपर्क तोडते आणि साठलेला भार थोड्या थोड्या वेळाने उडी घेतो. पूर्वी यासाठी चाकाच्या टोपीखाली बसणारी लहान स्प्रिंग मिळत असे.

५. पद्धतीचे एक उदाहरण

समजा, एका पद्मिनीत इंजिन सुरू होताच टिकटिक व शिटी दोन्ही येतात. किल्ली बंद करण्याच्या कसोटीने दोन्ही उगम वेगळे झाले. अँटेनाची पिन काढताच टिकटिक गेली, शिटी राहिली. म्हणजे इग्निशनचा उपद्रव अँटेनाने येतो आहे आणि डायनॅमोचा पुरवठ्याच्या तारेने. आता अँटेनाचे बूड घासून आवळले. टिकटिक पुष्कळ घटली. बॉनेटला पट्टी जोडली. ती जवळपास संपली. शिटीसाठी डायनॅमोचे ब्रश पाहिले, ते आखूड झाले होते. ते बदलले आणि शिटीही बसली. या सर्वांत खर्च झाला तो एका पट्टीचा आणि ब्रशच्या जोडीचा. कसोटी न घेता आरंभ केला असता तर प्लगवायर, कॉइल आणि कदाचित रेडिओही बदलला गेला असता, आणि आखूड ब्रशमुळे एखाद्या रात्री वाटेत बॅटरी उतरली असती ती वेगळीच. रेडिओतील आवाज हा पुष्कळदा असा आगाऊ इशारा असतो.

प्रत्येक वेळी एकच बदल करावा, लगेच ऐकावे, आणि वहीत नोंद करावी. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला हे कळत नाही.

६. घ्यावयाची काळजी

तारांचे काम करण्यापूर्वी बॅटरीची अर्थची तार प्रथम सोडवावी. चालू इंजिनाच्या प्लगवायरला हात लावू नये. तो धक्का जबर असतो. ओढणी, मफलर, सैल बाही पंख्यापासून दूर ठेवावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवून रेडिओ ऐकत बसू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो व तो प्राणघातक आहे. इंजिन बंद असता किल्ली फार वेळ चालू ठेवू नये, कारण पॉइंट मिटलेले असल्यास कॉइल तापते. डायनॅमो वेगळा करण्यासाठी फॅनबेल्ट काढून इंजिन चालवावयाचे झाल्यास ते मिनिटभराहून अधिक नको, कारण पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो.

७. समारोप

हा प्रश्न मोटारीतील रेडिओइतकाच जुना आहे. १९३० मध्ये शिकागोच्या गॅल्विन कंपनीने 'मोटोरोला' हा मोटारीचा रेडिओ बाजारात आणला, तेव्हाही संच बसवणे सोपे व इंजिनाचा उपद्रव शमवणे कठीण, अशीच स्थिती होती. पुढे या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी पालटली. रेडिओतील विद्युत उपद्रवाला मर्यादा घालण्यासाठी १९३४ मध्ये एक आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली, आणि ब्रिटनने १९५२ मध्ये मोटारींच्या इग्निशनमधून बाहेर पडणाऱ्या उपद्रवावर कायद्याने बंधन घातले. त्यामागील विचार मननीय आहे. माझ्या गाडीतील ठिणगी केवळ माझ्याच रेडिओत ऐकू येत नाही. रस्त्याकडेच्या घरात बातम्या ऐकत बसलेल्या माणसाच्या संचातही ती ऐकू जाते. त्याला तिचा उगम दिसत नाही आणि उपायही करता येत नाही. उपाय गाडीवाल्याच्याच हातात असतो. म्हणून रेडिओचा आवाज वाढवून खरखर बुडवण्यापेक्षा किंवा नव्या संचाआड ती लपवण्यापेक्षा, ती जिथे उगम पावते तिथे थांबवणे हेच योग्य होय.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे मोटार वा वीजदुरुस्तीच्या व्यवसायात आहेत, त्यांना यातील बराचसा भाग हाताने ठाऊक असेल. त्यांनी एखाद्या सुट्टीच्या दिवशी लहान विद्यार्थ्यांना एक ट्रान्झिस्टर, एक लायटर आणि एक उघडे बॉनेट दाखवून हा पाठ प्रत्यक्ष द्यावा. प्रवर्तन, रोध, वारंवारिता हे शब्द त्या मुलांनी पुस्तकात वाचलेले असतातच. अँटेनाचे बूड घासताच टिकटिक थांबलेली त्यांनी एकदा स्वतःच्या कानांनी ऐकली, की पुढे कोणतेही यंत्र बिघडले तरी भाग बदलण्याआधी कारण शोधण्याची सवय त्यांना आपोआप लागेल.